गोतसभा आणि महजर : मराठी मुलखातील निवाड्याची रीत

सतराव्या आणि अठराव्या शतकांत मराठी मुलखात वतनाचे, शिवेचे, वारशाचे आणि मानपानाचे जे तंटे उद्भवत, त्यांचा निर्णय सहसा एकट्या न्यायाधीशाच्या मतावर सोडला जात नसे. तो सभेत, नावानिशी नोंदलेल्या अनेकांच्या समक्ष होत असे. या सभेला प्रसंगानुसार गोतसभा, मजालस किंवा पंचायत अशी नावे होती, आणि तिच्यासमोर चाललेल्या वादाची हकिकत, पुरावा व निर्णय ज्या कागदावर उतरे, त्याला महजर म्हणत. मराठ्यांच्या न्यायव्यवस्थेचा भाग म्हणून या सभांचा अभ्यास बराच झाला आहे. डॉ. वि. त्रिं. गुणे यांचा 1953 साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केलेला इंग्रजी ग्रंथ आजही त्यातील प्रमुख आधार मानला जातो. तथापि न्यायदानाच्या पलीकडे जाऊन, परस्परविरोधी हितसंबंधांच्या माणसांनी एकत्र बसून एका निर्णयाप्रत कसे यावे याची घडवलेली रीत म्हणूनही गोतसभेकडे पाहता येते, आणि तसे पाहिले असता तिचे बळ व तिची उणीव ही दोन्ही अधिक स्पष्ट होतात.

अनेकांनी मिळून निवाडा करण्याची कल्पना मध्ययुगात नवी नव्हती. याज्ञवल्क्यस्मृतीत राजाने नेमलेले अधिकारी, पूग, श्रेणी आणि कुल असा निवाडा करणाऱ्या मंडळांचा उतरता क्रम सांगितला आहे. कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात अकराव्या-बाराव्या शतकांच्या सुमारास विज्ञानेश्वराने या स्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली, आणि तिच्यात त्याने या संज्ञांचा उलगडा केला : कुल म्हणजे नातलगांचा समूह, श्रेणी म्हणजे एका व्यवसायाने जगणाऱ्यांचा समूह, आणि पूग म्हणजे एका ठिकाणी राहणाऱ्या, परंतु भिन्न जातींच्या व भिन्न वृत्तींच्या लोकांचा समूह. कुलाने दिलेला निर्णय श्रेणीपुढे आणि श्रेणीने दिलेला निर्णय पूगापुढे नेता येतो, असे या क्रमाचे तात्पर्य आहे. नात्याच्या किंवा धंद्याच्या एकजिनसी मंडळापेक्षा मिश्र मंडळाला वरचे स्थान देण्यामागील विचार लक्षात घेण्याजोगा आहे. गोतसभा ही पूगाचीच थेट वारस होती असे म्हणण्याइतका सलग पुरावा मांडता येत नसला, तरी तिच्या रचनेमागे हाच विचार दिसतो.

अशा सभेची गरज मुख्यतः वतनातून निर्माण झाली. वतन म्हणजे वंशपरंपरेने चालणारा अधिकार आणि त्यासोबत येणारे हक्क, इनाम जमीन व मान. पाटलाकडे गावाच्या वसुलाची व बंदोबस्ताची जबाबदारी असे, कुलकर्ण्याकडे दप्तर असे, परगण्याच्या पातळीवर हीच कामे अनुक्रमे देशमुख आणि देशपांडे करीत, तर सुतार, लोहार, चांभार, कुंभार, न्हावी, परीट, महार, मांग आदी बलुतेदारांची गावकीही वतनीच होती. राज्ये बदलत, परंतु वतने टिकत, आणि म्हणून वतनाचा वाद हा बहुधा दोन-तीन पिढ्यांपूर्वीच्या घटनांचा वाद असे. दुष्काळात किंवा लष्कराच्या धामधुमीत एखादे घराणे परागंदा व्हावे, त्याची पाटीलकी दुसऱ्याने चालवावी, आणि गाव पुन्हा वसल्यावर मूळ घराण्याच्या वंशजाने परत येऊन आपला हक्क सांगावा, हा या तंट्यांचा नेहमीचा आराखडा होता. मधल्या काळात कागद जळालेले किंवा लुटले गेलेले असत, काहींनी बनावट कागद तयार केलेले असत, आणि ज्याने तीस-चाळीस वर्षे गाव राखले त्याचा दावाही निव्वळ खोटा म्हणून झटकता येत नसे. सरकारी दप्तरातून सुटण्यासारखा हा प्रश्न नव्हता, कारण त्याचे उत्तर अनेक माणसांच्या आठवणींत तुकड्यातुकड्यांनी विखुरलेले असे.

मजालशीची रचना या अडचणीशी जुळणारी होती. ढोबळ मानाने तिचे दोन भाग पडत. एक भाग दिवाणाचा, म्हणजे राजसत्तेच्या अधिकाऱ्यांचा. आदिलशाही व निजामशाही अमलात त्यात हवालदार, इतर कारकून आणि काझी असत, तर पुढे मराठी अमलात सुभेदार, मजुमदार यांसारखे अधिकारी असत. दुसरा भाग गोताचा. गोत म्हणजे केवळ भाऊबंद असे नव्हे. देशमुख, देशपांडे, आसपासच्या गावांचे पाटील व कुलकर्णी, पेठेचे शेटे आणि महाजन, तसेच ज्या गावाचा तंटा त्या गावची पांढरी, म्हणजे वस्तीतील बलुतेदारांसह समस्त मंडळी, या सर्वांचा त्यात समावेश होई. धर्मशास्त्राचा किंवा प्रायश्चित्ताचा प्रश्न असल्यास पैठण, कऱ्हाड, वाई, नाशिक यांसारख्या क्षेत्रांतील ब्राह्मणांची ब्रह्मसभा वेगळी बसे. मजालशीतील प्रत्येकाची माहिती वेगळ्या जातीची होती. देशपांड्याला जुन्या सनदांचे शिक्के आणि अक्षर ओळखता येई, शेजारच्या गावच्या पाटलाला वहिवाट कोणाची चालली हे ठाऊक असे, सणावारी पहिला मान कोणाच्या घरी गेला हे बलुतेदार सांगू शके, आणि शिवेचे दगड कोठे होते याबाबत महाराचा शब्द महत्त्वाचा मानला जाई. दिवाणाच्या अधिकाऱ्याजवळ यांपैकी कोणतेच ज्ञान नसे; त्याच्याजवळ निर्णय अमलात आणण्याची सत्ता असे. ज्ञान एकाकडे आणि सत्ता दुसऱ्याकडे अशा स्थितीत दोघांना एका बैठकीत आणणे हे गोतसभेचे पहिले कार्य होते.

माणसे जमवण्याने निर्णय आपोआप बरा होत नाही, आणि हे त्या काळच्या लोकांना चांगले कळत होते, असे कामकाजाच्या क्रमावरून दिसते. प्रथम दोन्ही वाद्यांकडून राजीनामा घेतला जाई. राजीनामा म्हणजे ही सभा जो निर्णय देईल तो मान्य करण्याची लेखी संमती. त्यामागोमाग जामीन घेत, की वादी हजर राहील आणि निर्णयाप्रमाणे वागेल. त्यानंतर फिर्याद करणारा तो अग्रवादी आणि उत्तर देणारा तो पश्चिमवादी, अशा दोघांच्या तकरिरा, म्हणजे स्वतंत्र जबान्या, लिहून घेतल्या जात. घराण्याचा पूर्वेतिहास सांगणाऱ्या सविस्तर निवेदनाला करीना म्हणत, आणि त्यात वतन कोणी मिळवले, कोण कोणाच्या पोटी झाला, कोणत्या साली कोणते संकट आले, कोणी कागद कोठे ठेवले, हे सर्व पिढीवार सांगितलेले असे. करीना ऐकल्यावर पुरशीस होई, म्हणजे विसंगतीवर बोट ठेवून प्रश्न विचारले जात. मग कागदपत्र आणि साक्षी तपासल्या जात, आणि साक्षीदाराला देवाची, पूर्वजांची किंवा पंढरीची आठवण देऊन खरे बोलण्यास बजावले जाई. सर्वांत शेवटी सभेचे मत विचारले जाई. निवाड्याचा हेतू केवळ हारजीत ठरवण्याचा नव्हता. हरलेल्यालाही आपले सर्व म्हणणे ऐकून घेतले गेले असे वाटावे, हा त्यामागील व्यावहारिक हिशेब होता, कारण निवाड्यानंतर दोघांना त्याच गावात राहायचे असे.

स्थानिक सभेचा मोठा धोका म्हणजे तिचा कल. ज्या गावात तंटा, त्या गावात कोणीतरी कोणाचा सोयरा, कोणी कोणाचा ऋणको, आणि बलिष्ठ वतनदाराविरुद्ध बोलण्याची हिंमत थोड्यांतच असे. यावर ‘थळ’ बदलून मागण्याची सोय होती. थळ म्हणजे निवाड्याचे ठिकाण. एका पक्षाने स्थानिक मंडळी पक्षपाती असल्याचे सांगितल्यास वाद दुसऱ्या परगण्याच्या गोताकडे किंवा दूरच्या क्षेत्रस्थळी पाठवला जाई, आणि तेथील मंडळींना पूर्वग्रह नसला तरी स्थानिक माहितीही नसल्यामुळे मूळ गावचे साक्षीदार तेथे बोलावले जात. जवळच्या माणसाला माहिती अधिक पण तटस्थता कमी, दूरच्या माणसाला तटस्थता अधिक पण माहिती कमी, हा पेच आजच्या कोणत्याही चौकशी समितीपुढेही असतो. गोतसभेच्या रीतीने तो पूर्णपणे सोडवला नाही, परंतु साक्षी जवळच्यांच्या आणि मत दूरच्यांचे अशी विभागणी करून त्याची धार कमी केली.

मानवी पुरावा तुल्यबळ ठरला किंवा साक्षीदार बोलेनासे झाले, की दिव्याचा मार्ग निघे. दिव्य म्हणजे दैवी कौल. त्यातील रवादिव्यात उकळत्या तेला-तुपाच्या भांड्यातून धातूचा तुकडा, म्हणजे रवा, हाताने काढावा लागे. त्याआधी हात स्वच्छ धुऊन नखे काढत, नंतर हाताला पिशवी बांधून तिच्यावर मोहर करीत, आणि ठरलेल्या मुदतीनंतर सर्वांसमक्ष ती उघडून हाताला इजा झाली आहे की नाही हे पाहत. आधुनिक दृष्टीला हा प्रकार अघोरी वाटतो आणि तो तसा होताही. मात्र निर्णयप्रक्रियेच्या दृष्टीने त्याचे स्थान नेमके समजून घेणे आवश्यक आहे. दिव्य हा सामान्यतः शेवटचा उपाय होता, आणि तेथपर्यंत पोहोचणे म्हणजे माणसांच्या साक्षींतून निर्णय निघत नाही याची सभेने दिलेली कबुलीच होती. शिवाय दिव्याच्या भयानेच अनेकदा तडजोड घडे किंवा एखादा पक्ष माघार घेई.

निवाडा झाल्यावर हरलेल्याकडून येजितखत, म्हणजे आपण खोटे ठरलो व पुढे या वतनाशी कथळा करणार नाही असा लेख, घेतला जाई, आणि जिंकलेल्याला महजर किंवा निवाडपत्र मिळे. या कागदाचे स्वरूप न्याहाळण्यासारखे आहे. मोडी लिपीत लिहिलेले कागदाचे बंद एकाखाली एक चिकटवून त्याची लांब गुंडाळी केलेली असे, आणि मधला बंद कोणी बदलू नये म्हणून जोडांवर शिक्का किंवा खूण केलेली असे. प्रारंभी शक, तिथी व स्थळ, मग ‘हाजीर मजालस’ या शीर्षकाखाली उपस्थितांची नामावळी, त्यानंतर दोघांची निवेदने, साक्षी, विचार आणि निर्णय असा मजकुराचा क्रम असे. अधिकाऱ्यांच्या मोहरा, देशपांडे-कुलकर्ण्यांची हस्ताक्षरे आणि अक्षरओळख नसलेल्यांच्या निशाण्या यांनी कागद पुरा होई. पाटलाच्या नावापाशी नांगर काढलेला असे, शेट्या-महाजनांच्या नावापाशी तागडी, न्हाव्याच्या नावापाशी आरसा, चांभाराच्या नावापाशी रापी. ज्याच्या हातात जे अवजार, ती त्याची सही. सुलतानी अमलातील महजरांवर काझीची फारसी मोहर आणि त्याखाली ही शेतीची व कसबाची चिन्हे एकत्र आढळतात. या निशाण्यांना शोभेपलीकडचा अर्थ होता. निशाणी करणारा प्रत्येक जण पुढे साक्षीदार होई, आणि पन्नास वर्षांनी तोच वाद पुन्हा उकरला गेल्यास त्याच्या मुला-नातवांना ‘तुझ्या वडिलांची निशाणी येथे आहे’ असे दाखवता येई. अनेकांच्या मतांनी झालेला निर्णय अनेकांच्या उत्तरदायित्वाने टिकवायचा, असे हे कागदातले शहाणपण होते.

या व्यवस्थेचा गौरव करताना तिच्या मर्यादा झाकून ठेवणे योग्य होणार नाही. सभेत सर्व जाती असत, पण समान पातळीवर नसत; बसण्याच्या जागेपासून नामावळीतील क्रमापर्यंत उतरंड पाळली जाई. महाराची शिवेवरील साक्ष निर्णायक ठरू शके, परंतु त्याच महाराने पाटलाविरुद्ध तक्रार केली असता सभेचा कान तितकाच मोकळा राहील याची हमी नव्हती. स्त्रिया वतनाच्या वादात पक्षकार म्हणून येत, विधवा दत्तकाच्या हक्कासाठी भांडत. हाजीर मजालशीच्या नामावळीत मात्र त्यांची नावे सहसा नसतात, त्यामुळे त्यांच्या हक्काविषयीचे निर्णयही पुरुषांच्या आठवणींवर आणि सोयीवर उभे राहत. राज्यसत्ताही निखळ तटस्थ नव्हती : जिंकणाऱ्याकडून हरकी आणि हरणाऱ्याकडून गुन्हेगारी, म्हणजे दंड, वसूल होई, आणि हे दोन्ही सरकारच्या उत्पन्नाचे मार्ग असल्यामुळे जुना वाद पुन्हा सुरू होण्यात दिवाणाला नेहमीच वाईट वाटे असे नाही. सत्ताबदल झाला की हरलेला पक्ष नव्या दरबारी जाई, आणि एकच तंटा पिढ्यान्‌पिढ्या चाले. ज्यांना सभेत बोलावले गेले त्यांच्या दृष्टी निर्णयात उतरल्या. ज्यांना बोलावलेच नाही त्यांच्यापुरती ही सभा एकतर्फीच राहिली.

पेशवाईत या रीतीचे केंद्र हळूहळू पंचायतीकडे सरकले. दिवाणी वादात सरकारी अधिकारी पक्षकारांच्या संमतीने पंच नेमीत, आणि त्यात वादाच्या स्वरूपानुसार सावकार, कारकून, शास्त्री किंवा जातीतील प्रतिष्ठित मंडळी असत. माहुलीचे राम शास्त्री प्रभुणे यांचे नाव पुण्याच्या न्यायासनाशी कायमचे जोडले गेले आहे, आणि 1773 साली नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतर त्यांनी दाखवलेल्या बाण्यामुळे मराठी मनात न्याय म्हणजे निर्भीड एकटा न्यायाधीश असे चित्र ठसले. ते चित्र आदराला पात्र आहे, परंतु त्यामुळे एक गोष्ट झाकली गेली. राम शास्त्र्यांच्या काळीही खेड्यापाड्यांतील आणि पेठांतील बहुसंख्य तंटे पंचांच्या बैठकीत मिटत होते, आणि सामान्य माणसाला मिळणारा न्याय एखाद्या थोर व्यक्तीच्या धैर्यापेक्षा त्या बैठकीच्या रीतीवर अवलंबून होता.

1818 साली पेशवाई संपल्यावर दख्खनचा कमिशनर म्हणून काम पाहणाऱ्या माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने पुणे, अहमदनगर, खानदेश, धारवाड आणि सातारा येथील आपल्या अधिकाऱ्यांकडून पंचायतीविषयी माहिती मागवली आणि 1819 च्या अहवालात तिचे सविस्तर वर्णन केले. पंचायत संथ आहे, पंच वेळेवर जमत नाहीत, त्यांना मेहनताना नाही, निर्णय अमलात आणण्याची खात्री नाही, हे दोष त्याने स्पष्ट नोंदवले. तरीही लोकांना समजणारी आणि त्यांच्या विश्वासातली पद्धत म्हणून ती राखावी, असे त्याचे मत होते. प्रत्यक्षात मात्र पंचायत टिकली नाही. पूर्वी पंच म्हणून बसण्यात मान होता आणि न बसण्यात वतनदाराची अप्रतिष्ठा होती. नव्या राज्यात वतनदाराचे वजनच घटले, तेव्हा विनामोबदला दिवसेंदिवस बसण्याचे कारण उरले नाही. दुसऱ्या बाजूला सरकारी न्यायालये उघडली, आणि पंचायतीत हरण्याची शक्यता दिसताच पक्षकार तिकडे वळू लागले. 1827 च्या मुंबई इलाख्याच्या कायदेसंहितेने पंचायतीला लवादापुरते, म्हणजे दोन्ही पक्षांच्या खुशीचे, स्थान दिले आणि न्यायदानाचा मुख्य प्रवाह न्यायाधीश, वकील व लेखी पुराव्याच्या दिशेने वाहू लागला.

या बदलातून काही मिळाले आणि काही गेले. कायद्यापुढे सर्व समान हे तत्त्व, निदान कागदावर, मिळाले, आणि गोतसभेच्या उतरंडीत ज्यांचा आवाज दबला होता त्यांच्यासाठी ती लहान गोष्ट नव्हती. गेले ते स्थानिक माहितीचे दालन. दूरच्या न्यायालयात सावकाराचा कर्जरोखा बोलका ठरे आणि कुळाची तोंडी हकिकत मुकी. 1875 साली सुप्यापासून पसरलेल्या दख्खनच्या दंग्यांमागे जी कारणे होती, त्यांत न्यायालयांतील हुकूमनाम्यांविषयीचा रोषही होता. त्याच दशकात पुण्याच्या सार्वजनिक सभेने गणेश वासुदेव जोशी यांच्या पुढाकाराने लवाद कोर्टाचा प्रयोग केला, आणि 1879 च्या दख्खन कृषक साहाय्य कायद्याने तडजोड घडवणारे सलोखेकार व ग्राम-मुन्सफ यांची तरतूद केली. हे सर्व प्रयत्न हरवलेली जागा अंशतः भरण्याचे होते.

गोतसभेचे कागद मात्र वतनदारांच्या घरांतील दप्तरांत पडून राहिले. वि. का. राजवाडे यांनी 1898 पासून प्रसिद्ध केलेल्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या खंडांतून आणि 1910 साली स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या प्रकाशनांतून ते उजेडात आले. अलीकडच्या अभ्यासात सुमित गुहा यांनी असे दाखवले आहे की सभेपुढे पूर्वजांची हकिकत सांगण्याच्या या गरजेतूनच मराठीत इतिहासकथनाची एक परंपरा आकाराला आली. विरोधी पक्ष समोर बसलेला असताना आणि प्रत्येक विधान खोडून काढले जाण्याची शक्यता असताना सांगितलेला इतिहास हा दरबारी स्तुतीपेक्षा वेगळा असणार, हे उघड आहे.

गोतसभेचे नाव न घेता तिचे अवशेष दोन रूपांत वर्तमानात आढळतात, आणि त्या दोहोंतील फरक उद्बोधक आहे. महाराष्ट्र शासनाने 2007 साली सुरू केलेल्या तंटामुक्त गाव मोहिमेत गावातील विविध घटकांच्या समितीने तडजोडीने तंटे मिटवावेत अशी अपेक्षा होती. याउलट जातपंचायतींनी वाळीत टाकण्याच्या प्रकारांमुळे राज्याला 2016 साली सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा संमत करावा लागला. वरवर पाहता दोन्ही ‘पंचांच्या’ संस्था आहेत. पण जातपंचायतीत एका जातीचे, एका प्रतिष्ठेचे आणि बहुधा एकाच पिढीचे पुरुष बसतात, वादीची संमती गृहीत धरली जाते, थळ बदलून मागता येत नाही, आणि निर्णयाचा तपासता येण्याजोगा कागद राहत नाही. मिताक्षरेच्या परिभाषेत बोलायचे तर तिच्यावर पूगाचे दडपण उरलेले नाही.

एकाहून अधिक माणसांना विचारले म्हणजे निर्णय शहाणा होतो, हे विधान अर्धेच खरे आहे, असा या इतिहासाचा निष्कर्ष आहे. गोतसभा जेथे यशस्वी झाली, तेथे ती संख्येमुळे यशस्वी झाली नाही. ज्यांची माहिती आणि ज्यांचे हित वेगळे आहे अशांना तिने मुद्दाम बोलावले, दोन्ही बाजूंचे म्हणणे पूर्ण ऐकल्याशिवाय मत विचारले नाही, आपल्यातला कल ओळखून ठिकाण बदलण्याची मोकळीक ठेवली, आणि कोण उपस्थित होते व काय ऐकले गेले हे त्यांच्या निशाण्यांसह लिहून ठेवले. ती जेथे फसली, तेथे या चारांपैकी एखादी अट गळालेली असे, आणि सर्वांत जास्त वेळा गळणारी अट पहिलीच होती, कारण कोणाला बोलावायचे हे ठरवण्याचा अधिकार ज्यांच्या हाती होता त्यांना आपली नामावळी अपुरी आहे असे क्वचितच वाटे. म्हणून कोणत्याही सामूहिक निर्णयाची परीक्षा त्याच्या निष्कर्षापासून सुरू न करता त्याच्या हाजीर मजालशीपासून सुरू करणे, हा महजरांच्या अभ्यासाने दिलेला सर्वांत उपयोगी धडा आहे.